दिवस गेल्यावरची पहिली तपासणी: सोबत काय न्यायचं आणि आत काय होतं

घरच्या चाचणीवर दुसरी रेघ उमटली की पाठोपाठ प्रश्न सुरू होतात. डॉक्टरांकडे लगेच जायचं की थांबायचं? तिथे नेमकं करतात काय? बहुतेकींच्या डोळ्यांसमोर सोनोग्राफीचा पडदा असतो. प्रत्यक्षात पहिल्या तपासणीत सर्वांत जास्त वेळ जातो तो विचारपुशीत. टेबलावर झोपून तपासणं पाच-दहा मिनिटांचं, बाकी सगळे प्रश्न, उत्तरं आणि लिहून घेणं. ‘काही तपासलंच नाही, नुसतं विचारत बसले’ असं वाटून नाराज होऊ नका. पुढच्या सात महिन्यांची आखणी त्या उत्तरांवरच होते.

ही भेट लवकर का हवी, याचं खरं कारण फारसं कुणी सांगत नाही. काही गोष्टी फक्त पहिल्या तीन महिन्यांतच नीट कळतात, नंतर त्या पुसट होत जातात. बीपीचंच बघा. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे बीपी हळूहळू उतरतं आणि साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास सर्वांत कमी असतं. एखादीला मुळातच बीपी असेल आणि ती थेट पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दाखवायला आली, तर तिचा आकडा अगदी नॉर्मल दिसू शकतो. आठव्या महिन्यात तो वर गेला की हे जुनं दुखणं आहे की गरोदरपणात नव्याने झालेलं, हे ठरवणं अवघड होऊन बसतं, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात. हिमोग्लोबिनचंही तेच. रक्तातला पाण्याचा भाग वाढत जातो, म्हणून पुढच्या महिन्यांत आकडा थोडा खाली येतोच. सुरुवातीचा आकडा हाताशी असेल तर किती उतरणं स्वाभाविक आणि किती नाही, हे कळतं. बाळाच्या वयाचं तर आणखी स्पष्ट आहे, त्याकडे पुढे येते.

कधी जायचं

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहिला त्या दिवसापासून नाही. त्यामुळे पाळी चुकली त्या दिवशी साधारण चार आठवडे भरलेलेच असतात. तब्येत चांगली असेल, काही त्रास नसेल, तर ८ ते १० आठवड्यांच्या दरम्यानची भेट सर्वांत सोयीची. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची शिफारस पहिली भेट १२ आठवड्यांच्या आत व्हावी अशी आहे. वेळ मात्र चाचणी आली त्याच आठवड्यात घेऊन ठेवा.

काही जणींनी आठव्या आठवड्याची वाट बघू नये, लगेच फोन करावा. मधुमेह, बीपी, थायरॉइड, फिट्स, हृदयाचा आजार किंवा पायात-फुफ्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेली असेल, आधी गर्भनलिकेत गर्भ राहिला असेल, लागोपाठ गर्भपात झाले असतील, तर एकेक आठवडा महत्त्वाचा. मधुमेहात घाई अशासाठी की बाळाचं हृदय आणि मणका याच आठवड्यांत घडत असतात आणि तेव्हाची साखर त्यांना भोवते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिचा डोस बहुधा पाव हिश्शाने किंवा थोडा जास्त वाढवावा लागतो, तोही दिवस राहिल्याचं कळताच. सुरुवातीचे काही आठवडे बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं. आणि एका बाजूला ओटीपोटात दुखत असेल, अंगावरून रक्त जात असेल, तर ती वेळ घ्यायची गोष्ट नाही, त्याच दिवशी दाखवायची आहे.

भेटीची वाट न बघता सुरू करायची एक गोळी म्हणजे फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे शेवटच्या पाळीपासून सहा आठवड्यांत. आठव्या आठवड्यात डॉक्टर गोळी लिहून देतील तोवर ते काम उरकलेलं असतं. म्हणूनच ही गोळी खरं तर मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची असते. राहून गेली असेल तर आजपासून घ्या आणि १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, मधुमेह असेल, फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर डोस दहापटीहून जास्त, सहसा ५ मिलिग्रॅम लागतो. तो डॉक्टरांनी ठरवायचा.

घरून निघण्याआधी

एक कागद घ्या आणि त्यावर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहा. तारीख पक्की आहे की अंदाजे, हेही लिहा. पाळी किती दिवसांनी येते, ती पाळी नेहमीसारखी होती की एकदम कमी गेली, गर्भनिरोधक गोळ्या कधी बंद केल्या, बाळाला अंगावर पाजत असतानाच दिवस राहिले का, ही माहिती तारखेइतकीच महत्त्वाची आहे. इथे एक नेहमीची चूक होते. गर्भ रुजताना एखाद-दोन दिवस हलकं रक्त दिसतं आणि तीच पाळी समजली जाते. मग सगळा हिशेब तब्बल महिन्याने चुकतो.

चालू असलेली औषधं पाकिटासकट पिशवीत टाका. नावं आठवून सांगण्यात गडबड होते, आणि ‘औषध’ म्हटल्यावर मुरमांचं मलम, केसांच्या गोळ्या, काढा, चूर्ण, प्रोटीन पावडर, झोपेची गोळी यांतलं काही आठवतच नाही. काही औषधं गरोदरपणात खरोखरच घातक आहेत: मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठीचं व्हॅलप्रोएट, सांध्यांसाठीचं मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, बीपीच्या काही गोळ्या. यादी वाचून घाबरून फिट्सची, दम्याची किंवा मनाच्या आजाराची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवल्याने आलेली फिट आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोक्याची. त्याच दिवशी फोन करून विचारा, बदल कसा करायचा ते डॉक्टर सांगतील. आयसोट्रेटिनॉइन मात्र तत्काळ बंद करून कळवायचं.

जुने रिपोर्ट. आधी सिझेरियन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डाहून महत्त्वाची असते ती ऑपरेशनची नोंद. पोटावरची खूण आडवी असली म्हणजे गर्भाशयावरचा छेदही आडवा असतो असं नाही, आणि पुढचं बाळंतपण नॉर्मल करून बघता येईल का, हे गर्भाशयावरच्या छेदावर ठरतं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या गाठी काढलेल्या असतील, गर्भाशयाच्या तोंडावर काही उपचार झालेले असतील, तर तेही कागद. रक्तगटाचं कार्ड असलं तरी रक्तगट पुन्हा तपासतात, त्याचा राग मानू नका.

घरच्यांना आधीच विचारून ठेवा: आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, घरात कुणाला मधुमेह, रक्ताची गुठळी किंवा थॅलेसीमिया, सिकलसेल, हिमोफिलियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का, जन्मतः दोष असलेलं किंवा लहानपणीच गेलेलं मूल आहे का, नवरा-बायको नात्यातले आहेत का. हीच माहिती बाळाच्या वडिलांच्या बाजूचीही लागते, आणि तिथेच बहुतेकदा ‘माहीत नाही’ असं उत्तर येतं.

उपाशी जायचं का, हे वेळ घेतानाच विचारा. बहुतेक रक्ततपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही, फक्त उपाशीपोटीची साखर असेल तरच. मळमळ असताना रिकाम्या पोटी दोन तास रांगेत बसून चक्कर येण्यापेक्षा एक फोन बरा. लघवीचा नमुना द्यावा लागतो, म्हणून पोचल्या पोचल्या लघवीला जाऊन येऊ नका.

प्रश्न, आणि त्यांची खरी उत्तरं

किती वेळा दिवस गेले होते, इथून सुरुवात होते. जन्मलेली मुलं तेवढी सांगून थांबू नका. गर्भपात, पाडलेला गर्भ, नलिकेतला गर्भ, जन्मापूर्वी गेलेलं बाळ, सगळं मोजलं जातं. प्रत्येक वेळचं काय झालं, कितव्या आठवड्यात, बाळाचं वजन किती, रक्तस्राव जास्त झाला होता का, वार काढायला त्रास झाला होता का, नंतर मन फार खचलं होतं का. ३७ आठवड्यांआधी झालेलं बाळंतपण, वाढलेलं बीपी, आधीच्या गरोदरपणातली साखर यांतली बरीचशी दुखणी पुन्हा डोकं वर काढतात, आणि आधी कळलं तर त्यांतल्या काहींवर आधीच उपाय करता येतो. बीपी वाढून होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांना कमी डोसाची ॲस्पिरिन देतात, १२ आठवड्यांनंतर आणि शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करून. पहिली भेट सहाव्या महिन्यात झाली की ही संधी बव्हंशी हुकलेली असते.

काही गोष्टी नवऱ्यासमोर किंवा सासू-आईसमोर बोलता येत नाहीत. लग्नाआधी राहिलेले दिवस, सिगारेट, दारू, गुप्तरोग, घरातली मारहाण. त्यासाठी ‘मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगले डॉक्टर स्वतःहूनच बरोबरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवतात. एक बारकावा लक्षात ठेवा. फाईलवर ‘जी ३ पी १’ असं काही लिहितात. जी म्हणजे एकूण किती वेळा दिवस गेले, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली. फाईल घरच्यांच्या हातात जाणार असेल आणि आधीची एखादी गोष्ट त्यांना कळू नये असं वाटत असेल, तर ते बोलतानाच सांगा. लपवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण आधी गर्भ पाडलेला असेल तर रक्तगट निगेटिव्ह असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ती माहिती थेट उपयोगाची असते.

मन उदास आहे का, ज्यात आनंद वाटायचा त्यातला रस गेलाय का, असेही प्रश्न विचारतात. ते नुसती औपचारिकता म्हणून विचारलेले नसतात. ‘या अवस्थेत असं होतंच’ म्हणून टाळू नका. गरोदरपणातलं नैराश्य औषधाने आणि बोलण्याने बरं होतं.

तारीख कशी काढतात

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवायचे. सोपी रीत अशी: तारखेत सात दिवस मिळवा आणि महिना नऊने पुढे न्या. १० जानेवारीला पाळी आली असेल तर तारीख १७ ऑक्टोबर. हा हिशेब पाळी २८ दिवसांनी येते असं धरून आहे. ३५ दिवसांनी येत असेल तर बीज सात दिवस उशिरा सुटतं, म्हणून तारीखही सात दिवस पुढे, २४ ऑक्टोबर. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी) पाळी धरतच नाहीत. पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस.

पाळीची तारीख आणि सोनोग्राफी जुळते का, हे बघतात. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. त्या काळात सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून चूक पाच ते सात दिवसांपलीकडे सहसा जात नाही. साधारण नवव्या आठवड्याआधीच्या सोनोग्राफीत पाच दिवसांहून जास्त आणि त्यानंतर १४ आठवड्यांपर्यंत सात दिवसांहून जास्त फरक आला, तर सोनोग्राफीची तारीख धरायची असा सर्वसाधारण नियम आहे. एकदा तारीख ठरली की ती बदलायची नाही. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तीन आठवड्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, तेव्हा लहान बाळ म्हणजे तारीख चुकलेली की वाढ खुंटलेली, हे सुरुवातीच्या मोजमापावरूनच कळतं. ती पहिली सोनोग्राफी फाईलमध्ये सर्वांत वर लावून ठेवा.

आणि ही तारीख म्हणजे त्याच दिवशी बाळ येणार असं नाही. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच.

टेबलावर

उंची, वजन, बीपी. वजन आणि उंचीवरून बीएमआय काढतात आणि नऊ महिन्यांत किती वजन वाढणं योग्य ते त्यावरून ठरतं. बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते सोळा किलो, त्याखाली असेल तर साडेबारा ते अठरा, २५ ते २९.९ असेल तर सात ते साडेअकरा आणि ३०च्या वर असेल तर पाच ते नऊ. मळमळीमुळे वजन आधीच उतरलेलं असेल तर दिवस जाण्यापूर्वीचं वजन सांगा, धरायचं ते तेच.

बीपीच्या बाबतीत तुम्हीही लक्ष घाला. जिना चढून आल्या आल्या, पाय लोंबकळत ठेवून, बोलता बोलता घेतलेलं बीपी खोटं जास्त येतं. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्याने आकडा वाढीव दिसतो आणि विनाकारण गोळ्या सुरू होऊ शकतात. १४०/९० किंवा वर आलं तर थोड्या वेळाने पुन्हा मोजून खात्री करतात. २० आठवड्यांआधी ते सतत तेवढं राहिलं तर मुळातलंच बीपी समजतात.

मग हृदय, फुफ्फुसं, थायरॉइडची गाठ, पायांवर सूज, डोळ्यांत फिकेपणा. पोटावर हात ठेवून गर्भाशय जाणवतं ते साधारण १२ आठवड्यांनंतर, त्याआधी ते ओटीपोटाच्या हाडाखालीच असतं. ठोके ऐकवायचं छोटं यंत्र १० ते १२ आठवड्यांनंतर चालतं. नवव्या आठवड्यात त्यावर ठोके मिळाले नाहीत तर त्याचा काहीही अर्थ नाही.

आतून तपासणी प्रत्येकीची होतेच असं नाही. रक्त जात असेल, दुखत असेल, पांढरं जास्त जात असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची पॅप चाचणी राहिलेली असेल तर करतात. तिने गर्भपात होत नाही. पॅप चाचणीनंतर दिवसभर थोडा रक्ताचा डाग दिसू शकतो, तो गर्भाशयाच्या तोंडावरचा असतो, बाळाचा नाही. का करायची हे विचारा, सोबत बाई असावी असं सांगा, नको असेल तर नाही म्हणा. श्वास सोडत ढुंगण टेबलाला टेकवून ठेवलंत तर स्नायू सैल राहतात आणि त्रास कमी होतो.

सोनोग्राफी लवकर केली तर

इथे सर्वांत जास्त आसवं गळतात, आणि बरीच विनाकारण. साडेचार-पाच आठवड्यांत गर्भाची पिशवी दिसते, साडेपाचच्या आसपास तिच्यात योक सॅक नावाचं बारीक कडं, आणि सहा आठवड्यांच्या सुमारास बाळ आणि ठोके. पाळी अनियमित असेल तर तुमच्या हिशेबाने सात आठवडे आणि प्रत्यक्षात साडेपाच असं सहज होतं. ‘पिशवी आहे, ठोके नाहीत’ हा रिपोर्ट त्या दिवशी अपुरा असतो. बाळाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नाहीत, किंवा पिशवी सरासरी २५ मिलिमीटरची होऊनही आत बाळच नाही, असं असेल तरच एका सोनोग्राफीवर गर्भ वाढत नाही असं म्हणतात. याखालचा आकडा असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तुमच्या रिपोर्टमधले हे दोन आकडे स्वतः वाचा. ते नसतील आणि कुणी लगेच पिशवी साफ करायला सांगत असेल, तर थांबून विचारा.

सुरुवातीची सोनोग्राफी बहुधा योनीमार्गे करतात, कारण तिथून गर्भाशय जवळ असतं आणि चित्र स्वच्छ येतं. तिला लघवीची पिशवी रिकामी लागते. पोटावरून करायची असेल तर भरलेली. वेळ घेताना कुठली ते विचारून घ्या. बाळ गर्भाशयातच आहे ना, एक आहे की जुळी, आणि जुळी असतील तर दोघांची वार वेगळी की एकच, हे सर्वांत चांगलं याच महिन्यांत दिसतं. एकच वार असलेल्या जुळ्यांना पुढे कितीतरी जास्त लक्ष लागतं, आणि उशिरा हे ओळखणं कठीण.

रक्त आणि लघवी

एकदाच टोचून तीन-चार नळ्या रक्त घेतात. त्याने अशक्तपणा येत नाही. हिमोग्लोबिन पहिल्या तीन महिन्यांत ११च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. पण त्याच रिपोर्टमध्ये एमसीव्ही नावाचा आकडा असतो, लाल पेशींचा आकार सांगणारा. तो ८०च्या खाली असेल तर दोनच मुख्य शक्यता: लोह कमी आहे किंवा थॅलेसीमियाचा वाहकपणा आहे, म्हणजे स्वतःला आजार नाही पण तो बाळाकडे जाऊ शकतो. वाहकपणासाठी वेगळी तपासणी असते. आईत तो निघाला तर वडिलांचं रक्त त्याच आठवड्यात तपासायला हवं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि पुढच्या तपासण्यांना मुदत असते. ‘आधी लोहाच्या गोळ्या घेऊन बघू’ यात दोन महिने जाणं ही इथली हमखास चूक.

रक्तगट निगेटिव्ह निघाला तर रक्तात पॉझिटिव्ह पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आहेत का ते बघतात. नसतील तर ती तयार होऊ नयेत म्हणून २८ आठवड्यांच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत पुन्हा. मध्ये रक्तस्राव झाला, पोटाला मार लागला, तर लगेच कळवायचं.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस यांची तपासणी सगळ्यांचीच करतात. तुमच्यावर संशय आहे म्हणून नाही. तिन्ही आजार लक्षणांशिवाय असू शकतात आणि तिन्हींत बाळाला वाचवता येतं. एचआयव्हीत उपचारांशिवाय बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, वेळेवर औषधं घेतली तर ते अगदी थोड्यावर येतं. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्यावर काही तासांतच लस आणि इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यायचं, त्याची तयारी आधीच करून ठेवता येते. रुबेलाची (जर्मन गोवर) प्रतिकारशक्ती नसेल तर लस बाळंतपणानंतर, गरोदरपणात ती देत नाहीत.

साखर आणि थायरॉइड कुणाचे आत्ता आणि कुणाचे नंतर तपासायचे, हे धोक्यावर ठरतं. साखरेची नेहमीची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत असते. आत्ता नॉर्मल आली म्हणून तेव्हाची चुकवू नका, कारण वारेतून येणारे साखर वाढवणारे हॉर्मोन्स तोवर जोर धरतात. ‘टॉर्च’ नावाचा मोठा तपासण्यांचा गठ्ठा सरसकट करायची गरज नसते. त्यात बऱ्याचदा जुन्याच संसर्गाच्या खुणा सापडतात आणि नाहक घबराट होते.

लघवी स्वच्छ नमुन्यात द्या: पुसून घ्या, पहिली धार जाऊ द्या, मधली बाटलीत. पहिली धार घेतली की त्वचेवरचे जंतू त्यात येतात आणि रिपोर्ट गोंधळाचा येतो. जळजळ नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. गरोदरपणात त्यांच्यावर उपचार करतात, कारण सोडून दिले तर मूत्रपिंडापर्यंत चढून ताप आणि अवेळी कळा येऊ शकतात.

बाळातल्या दोषांच्या चाचण्या

या सक्तीच्या नसतात, पण निर्णय पहिल्याच भेटीत सुरू करायला हवा, कारण वेळ ठरलेली आहे. बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस यातच होते, सोबत आईचं रक्त. आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएची तपासणी दहाव्या आठवड्यापासून करता येते. डाउन सिंड्रोम हा गुणसूत्रांचा दोष शोधण्यात ती खूपच नेमकी आहे. पण या सगळ्या चाळण्या आहेत, निदान नाही. ‘धोका जास्त’ आला तरी बाळ निरोगी असू शकतं. पक्कं निदान वारेचा तुकडा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासूनच होतं. चाचणी करण्याआधी घरी बोला: उत्तर वाईट आलं तर आपल्याला पुढे काय करायचं आहे? याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं, आणि काहींनी चाचणी नको म्हटलं तर तेही बरोबरच.

निघताना

लोहाची गोळी मळमळ असेपर्यंत सोसत नसेल तर तसं सांगा, थोडी उशिरा सुरू केली तर चालते. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर ती घेऊ नका, लोह शोषलं जात नाही. शौचाचा रंग काळा होतो, ते साहजिक आहे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन टाळा. दारूची सुरक्षित मर्यादा कुठलीच नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट सोडायला मदत लागत असेल तर आत्ताच मागा. व्यायाम, प्रवास, संबंध यांना सहसा मनाई नसते, तरीही स्वतःच्या बाबतीत विचारून घ्या, कारण संकोचाने न विचारल्यामुळे जोडपी महिनोन् महिने भीतीत राहतात.

ओकाऱ्या नवव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतात आणि बहुतेकींच्या १६ ते २० आठवड्यांत थांबतात. त्यावर सुरक्षित गोळ्या आहेत, अंगावर काढायची गरज नाही.

रिपोर्ट कधी आणि कसे कळतील ते विचारा. ‘काही असेल तर आम्ही फोन करू’ एवढ्यावर समाधान मानू नका, दिवस ठरवून तुम्हीच फोन करा आणि प्रत्येक रिपोर्टची प्रत घ्या. पुढची भेट साधारण चार आठवड्यांनी असते.

रात्री-बेरात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर फाईलच्या पहिल्या पानावर आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्येही असू द्या. तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका बाजूला असह्य दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर येऊन पडणं, थंडी वाजून ताप, दिवसभर पाण्याचा घोटही न टिकणं किंवा लघवी अगदी कमी आणि गडद होणं. यांतलं काहीही झालं तर पुढच्या भेटीची तारीख बघायची नाही. थोडासा डाग पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणींना दिसतो आणि त्यांतल्या बहुतेकींचं गरोदरपण पुढे नीट चालू राहतं, पण तोही कळवायचा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात ते सांगा.